जावेला मिळालं, मला का नाही?

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. नैराश्यासाठी गेल्या वर्षी एका खासगी मानसोपचार रुग्णालयात आठवडाभर ॲडमिट होते. रिसेप्शनवरची मुलगी माझ्या जावेच्या ओळखीची. तिने डिस्चार्ज कार्डाचा फोटो जावेला पाठवला आणि भावकीभर बोभाटा झाला. आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मी केसपेपरच्या झेरॉक्स मागितल्या, तर 'रेकॉर्ड गोपनीय असतं, बाहेर देत नाही' म्हणाले. मिस्टरही फाइल बघायला मागतात. दाखवावीच लागेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, जावेला व्हॉट्सॲपवर मिळालं ते तुम्हाला काउंटरवर मिळेना, कमालच आहे! मी निवृत्तीपर्यंत रुग्णालयाची रेकॉर्ड रूम सांभाळली. नर्सिंग नोट्स अर्धवट असल्या, डॉक्टरांच्या सह्या राहिल्या असल्या, की नेमकी तीच फाइल गोपनीय होते. पण रुग्णाचे कागद रुग्णापासूनच लपवायचे, ही सबब मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच मोडीत काढलीय.

डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 25 तुमच्या बाजूने आहे. एखादा मजकूर वाचून तुम्हाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं डॉक्टरांना वाटलं, तर तेवढाच भाग ते राखून ठेवू शकतात, अख्खी फाइल नाही. आणि त्याविरुद्ध याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनीच तुम्हाला सांगायचं असतं. मात्र रेकॉर्ड 3 वर्षं जपण्याचंच त्या आचारसंहितेचं बंधन आहे, तेव्हा चालढकल नको.

अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत करा. आयपीडी नंबर (ॲडमिट रुग्णाचा नोंदणी क्रमांक), ॲडमिट आणि डिस्चार्जच्या तारखा घाला. केसपेपर, औषधांचा तक्ता, नर्सिंग नोट्स, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज समरी असं नाव घेऊन मागा. नुसतं 'फाइल द्यावी' लिहिलंत, तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातावर ठेवून मोकळे होतील. पोच घेताना सही-शिक्क्याबरोबर वेळही टाकून घ्या, 72 तास तिथूनच मोजायचेत. पोच नाकारली, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊन टाका, तिथे वाद घालू नका.

आता फोटोचं. तो मेसेज कितीही संताप आला तरी डिलीट करू नका, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क आहे. आधी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांकडे लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर त्याच पुनरावलोकन मंडळाकडे जा. कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ती मुलगी नवीन होती' ही पळवाट ऐकून घेऊ नका, डिस्चार्ज कार्ड तिच्या हाती रुग्णालयानेच दिलं होतं. जावेला मात्र या कायद्यात पकडता येईल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

राहिले मिस्टर. तुमच्या हातातली फाइल त्यांना दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवा, सक्ती नाही. पण या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तुम्हाला मदत करणारी व्यक्ती, अशी सोय आहे. त्या व्यक्तीला तिच्या कामापुरती माहिती डॉक्टर देऊ शकतात. तुम्ही कुणालाच नेमलं नसेल, तर ती जागा बहुधा नातेवाइकाकडे जाते, आणि घरात ते कोण हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा बहीण, मैत्रीण, ज्यांच्यावर भरवसा असेल त्या सज्ञान व्यक्तीचं नाव साध्या कागदावर लिहून सही करा, त्यांची संमती घ्या आणि नव्या डॉक्टरांच्या फाइलला तो कागद पहिल्याच भेटीत लावा. मन बदललं तर नाव केव्हाही बदलता येतं.