संध्याकाळचे सात

प्रश्न : दारू सोडून चार महिने झाले. दिवस निभतो, पण संध्याकाळी सात वाजले की जीव कासावीस होतो. काय करू?

उत्तर : माझेही सातच वाजायचे, आता ११ वर्षं झाली. तलफ चढते तशी ओसरतेही, बहुतेक वेळा अर्ध्या तासात. तेवढा वेळ काढायचा. आधी जेवून घ्या, रिकाम्या पोटी ती जास्त छळते. मग फोन करा. माझ्या खिशात मित्राचा नंबर लिहिलेला कागद असायचा. घड्यांवर चिरला, तरी बदलला नाही. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही दारू सोडणाऱ्यांची संघटनासुद्धा १९३५ साली दोन पिणाऱ्यांच्या बोलण्यातूनच उभी राहिली. जन्मभराची शपथ नको, आजची रात्र बघा. आणि पाय घसरलाच तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी एक पेला लपवला होता, आणि पुढं वर्षभर पीत राहिलो.