विड्या वळणाऱ्या बोटांसाठी फोन

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलापूरच्या पूर्व भागात राहतेस, अकरावी सायन्सला आहेस. आजीने उभा जन्म विड्या वळल्या. आता पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो आणि मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. शेवटी तू फोनवर तिचा चेहरा दाखवून दाखला काढून दिलास. तेव्हा ती म्हणाली, ‘मला एकटीला का जमत नाही गं?’ तेव्हापासून वयस्कर माणसांना जमेल असा फोन तयार करायचं तुझ्या मनात आहे. बाबांचं म्हणणं, असलं काही करिअर नसतं, इथंच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर.

करिअर असतं. बाबांच्या म्हणण्याकडे पुढे येते, आधी आजीच्या बोटांकडे बघू.

फोनच्या काचेला बोटातला विद्युतभार जाणवतो, म्हणून स्पर्श कळतो. वयाने त्वचा कोरडी पडते, त्यात वर्षानुवर्षं पानं कातरून आणि वळून बोटांना घट्टे पडलेले. मग काच दाद देत नाही. आजीला वाटतं आपण हळू दाबलं, म्हणून ती जोरात आणि जास्त वेळ दाबते. फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. माझ्या आईचं हेच व्हायचं. फोटोंच्या चित्रावर बोट दाबून धरायची, चित्र जागचं हलायचं, बोट सरकलं की स्क्रीनवरून गायब. ‘माझे फोटो गेले’ म्हणून ती संध्याकाळभर गप्प बसली होती. फोटो फोनमध्येच होते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘दाबून धरणे’ कधी मानायचं तो वेळ वाढवता येतो. पण ज्याला ते सेटिंग हवं असतं, त्याला तिथवर पोचता येत नाही. तुझ्या कामाची सुरुवात इथून आहे.

जपानमध्ये हा विचार फार आधी झाला. तिथे फुजित्सू कंपनीने डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी वयस्करांचे ‘राकुराकु’ फोन केले. राकुराकु म्हणजे सोपं, आरामात. २०१२ मध्ये त्यांचा स्मार्टफोन आला, त्यात नुसतं बोट टेकलं आणि मुद्दाम दाबलं यातला फरक फोनला कळायचा. तरी माझं स्पष्ट मत सांगते, ‘म्हाताऱ्यांचा फोन’ असा शिक्का असलेली वस्तू आपल्याकडे कुणी कौतुकाने हातात धरणार नाही. आजीला नातीसारखाच फोन हवा असतो, फक्त तो तिला वापरता आला पाहिजे. शिवाय हँडसेट घडवणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. काम आहे ते फोनच्या आतल्या पडद्यांचं: बँकेचं ॲप, दवाखान्याची अपॉइंटमेंट, पेन्शन, रेल्वेचं तिकीट. हे पडदे सगळ्यांना वापरता येतील असे करण्याच्या क्षेत्राला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. त्यात यूएक्स (म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) डिझायनर, यूएक्स रिसर्चर, ॲक्सेसिबिलिटी टेस्टर अशी पदं असतात.

याला कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि डिजिटल वस्तू व सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, सर्वांना जमेल अशी करायला सांगितलं. बाबांना हा परिच्छेद वाचून दाखव.

आता शिक्षण. बारावीत असताना यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, दे. आयआयटी मुंबई ही परीक्षा घेते, ती साधारण जानेवारीत असते, शाखेची अट नाही, आणि लागोपाठ दोनच वर्षं देता येते. त्यात चित्र काढायचा भागही असतो, तेव्हा आतापासून हात चालू ठेव. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी, तीही दे. सरकारी संस्थेत जागा मिळाली तर डोळे झाकून जा. नाही मिळाली, तर खासगी डिझाइन कॉलेजच्या फीसाठी घरावर कर्ज चढवू नकोस आणि वर्षही वाया घालवू नकोस. सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाता येतं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये अशी बरीच इंजिनिअर मुलं असतात. म्हणजे बाबांचा रस्ता तुझ्या रस्त्यालाच येऊन मिळतो. ॲप आतून कसं चालतं हे कळणारी डिझायनर कुणालाही हवीच असते.

पण प्रवेशाची वाट बघत बसू नकोस. पॅट्रिशिया मूर नावाची अमेरिकन डिझायनर १९७९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ऐंशी पार केलेल्या बाईचं सोंग घेऊन गावोगाव फिरली. धूसर चष्मा, कानात बोळे, सांधे बांधलेले. असं तीनेक वर्षं केलं. तुला सोंगाची गरज नाही, तुझ्या गल्लीतच सगळं आहे. यंत्रमागावर आयुष्य गेलेले आजोबा शोध. वय आणि मागांचा खडखडाट मिळून किनरा आवाज आधी जातो, त्यांना घंटी ऐकू येत नाही म्हणून घरचे चिडतात. रिंगटोन जाड आवाजाची लावून बघ. मोतीबिंदू असलेल्या कुणाला राखाडी अक्षरं दाखव. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान साडेचारास एक एवढा उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा, असं जागतिक मानक सांगतं. ते का, हे त्यांचे डोळे बारीक होताना बघून कळेल. फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी कर आणि मराठी ॲप उघड. कुठे उकार कापला जातो, कुठे रफार वरच्या ओळीत घुसतो, कुठे बटणावर अर्धाच शब्द उरतो, त्याचे फोटो काढून ठेव. आजीला घरात तेलुगू, फोनवर मराठी आणि ओटीपीचा मेसेज इंग्रजीत, हेही लिही.

हे करताना एक पथ्य पाळ. त्यांच्या हातातून फोन घ्यायचा नाही. बोट चुकीकडे जाताना दिसलं तरी थांब. बोट कुठे थबकलं, ती माणसं काय पुटपुटली, ओटीपी तळहातावर लिहून घेईपर्यंत मुदत संपली का, तारखेसकट वहीत उतरव. अशी पाच माणसांची वही झाली की मला पाठव, त्यावर आपण सविस्तर बोलू. पहिलं पान आजीचं कर. फोनमधलं कुठलं एक काम तिला कुणाला न विचारता करायचंय, एवढंच आधी तिला विचार.

तुझी,
करिअर मार्गदर्शक