बदलीच्या गावी आलीस ना, मग ऐक

अगं, चिडचिड होणारच. ह्यांची बदली लातूरला झाली तो २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. कडेवर सात महिन्यांची लेक अन् मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत. हे ऑफिसात साहेब, मी नुसती 'साहेबांची मिसेस'. परत जायचंच आहे म्हणून दोन महिने खोकी उघडली नव्हती! तू आधी कुकर, पोळपाट बाहेर काढ. शेजारच्या मावशींनी "काय करायलीस गं?" विचारलं तर दार लोटू नकोस, माझी पहिली मैत्रीण त्याच प्रश्नानं मिळाली. आणि बाळाला रोज तासभर नवऱ्याकडे सोपवून बीएडचा अभ्यास धर. "सेटल झाल्यावर बघू," म्हणेल तो. तोवर पुढची ऑर्डर येते.