वडिलांचा तीळ

"वडिलांना मेलेनोमा झाला होता, म्हणजे मलाही होणारच ना?" मेलेनोमा म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, बरेचदा तिळासारखा दिसणारा. शब्द बदलून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. त्यातली ही एक गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून.

तिच्या दंडावर एक तीळ होता. मोबाईलमध्ये त्याचे दोनशेच्या वर फोटो, प्रत्येकात शेजारी पट्टी धरलेली. चार मिलिमीटर, कित्येक महिने चारच. त्वचारोगतज्ज्ञांनी दोनदा 'निर्धास्त राहा' म्हटलेलं. तरी तिला जनुकीय तपासणी हवी होती.

मी आधी हिशेब मांडला. आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाला मेलेनोमा झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. पण मूळचाच लहान असला तर दुप्पट होऊनही लहानच राहतो. सीडीकेएन२ए जनुकातला दोष घराण्यात असेल तर गोष्ट वेगळी. तो मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. मात्र तशी शंका जवळच्या दोन-तीन जणांना मेलेनोमा झाला, किंवा घरात स्वादुपिंडाचाही कॅन्सर असला, तर घ्यायची. तिच्याकडे वडील एकटेच, तेही एकसष्टाव्या वर्षी. शिवाय घरातला दोष कोणता हेच ठाऊक नसताना तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी त्यातून फारसं काही कळत नाही.

एवढं ऐकल्यावर बहुतेकांचे खांदे सैल पडतात. तिचे पडले नाहीत. माहितीने हलत नाही ती भीती सहसा भीती नसतेच, तिच्या पोटात दुसरंच काही असतं, असं माझं ठाम मत आहे.

"वडिलांचा कुठे होता?"

"पाठीवर. उजव्या खांद्याखाली."

"तुम्ही पाहिला होता?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्यांची पाठ दुखायची. मलम मीच चोळायचे. काळा होता, कडा वेड्यावाकड्या. वाटलं, असेल. वर्षभर बोललेच नाही मी."

इथे 'तुमची काय चूक' म्हणायचा मोह होतो. मी तो आवरला, आणि ते बरं झालं. कारण पुढचं वाक्य तिचं तिलाच सुचलं: "तपासणीत दोष निघाला असता तर फिटंफाट झाल्यासारखं वाटलं असतं."

पुढच्या तीन भेटी जनुकांवर नव्हे, त्या मलमावर गेल्या.

पट्टी आता महिन्यातून एकदाच निघते. तळपाय, नखं, डोक्याची त्वचा सगळं बघायचं. नवा, बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ दिसला तर थांबायचं नाही. वर्षातून एकदा डॉक्टर. (उन्हाची काळजी हवीच, पण तळपायाचा, नखाखालचा मेलेनोमा सहसा उन्हाने होत नाही, हे सावळ्या माणसांना कुणी सांगत नाही.)

शेवटच्या भेटीत दारापर्यंत जाऊन ती वळली. "मॅडम, भावालाही सांगते. स्वतःची पाठ त्यालाही दिसत नसेल."