फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात स्वतःचे घर घ्यावे की गिल्डच्या घरावर भागवावे?

एकटे आणि अधूनमधून खेळत असाल, तर गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या (या खेळात त्याला फ्री कंपनी म्हणतात), घरात खासगी खोली घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या खेळात जमीन मर्यादित आहे. प्रत्येक वॉर्डात, म्हणजे निवासी वस्तीत, ६० भूखंड असतात आणि एप्रिल २०२२ पासून ते प्रामुख्याने सोडतीने मिळतात. सोडतीत पाच दिवस अर्ज व पुढील चार दिवस निकाल असा क्रम चालतो, आणि नंबर न लागल्यास भरलेली रक्कम परत मिळते.

खरी अडचण पुढे येते. घरमालकाने सलग ४५ दिवस घरात पाऊल टाकले नाही, तर ते आपोआप पाडले जाते. गिल्डच्या घराला मात्र कोणाही एका सदस्याची फेरी पुरते. शिवाय तेथे कार्यशाळा उभारून पाणबुड्या मोहिमेवर पाठवता येतात, जे खासगी घरात शक्य नाही. खासगी खोलीला ३ लाख गिल (खेळातील चलन) लागतात. गिल्ड सोडल्यास ती खोलीही जाते, म्हणून गिल्डचा भरवसा नसेल, तर ५ लाख गिलचे अपार्टमेंट घ्यावे. ते पाडले जात नाही.