विहिरीच्या पाण्याला दाबही हवा आणि पाणी स्वच्छही हवं, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवरुखजवळ घर, 35 फूट विहीर, मोटरीने पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढतं. शॉवरला धार नाही, गॅस गिझर पेटत नाही, पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि बादल्यांना तांबूस डाग पडतात. दुकानदाराने प्रेशर पंप आणि आरओ मिळून 40 हजारांचं कोटेशन दिलंय, घ्यावं का?

आत्ताच घेऊ नका. पंप लागेल, पण सगळ्यात शेवटी. आरओ बहुधा लागणारच नाही.

मी कुडाळ तालुक्यातला. आमची विहीर 32 फुटांची, जांभ्यात खोदलेली, आजोबांच्या वेळची. चार वर्षांपूर्वी मीही आधी पंपच आणला. आठवड्याभरात न्हाणीघराच्या भिंतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांधा गळायला लागला, भिंतीला ओल आली आणि शॉवर मात्र होता तसाच. प्लंबरने भिंत फोडून काढलेला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, मी अजून ठेवलाय. बाहेरून अर्धा इंची, पण आत गंजाचे थर चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. अशा पाइपाला कितीही ताकदीचा पंप लावा, धार येणार कुठून?

म्हणून आधी दाब नेमका कुठे मरतो ते शोधा. साधारण 33 फूट उंचीच्या पाण्याचा दाब 1 बार होतो. तुमचा स्लॅब 10 फुटांवर, टाकीचा कट्टा 3 फूट आणि शॉवर 7 फुटांवर धरला, तर टाकीचा तळ शॉवरच्या वर फक्त 6 फूट आहे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पाव बारच्या आसपासच दाब मिळेल. शॉवरला चांगली धार यायला साधारण 1 बार लागतो. गिझरच्या पाटीवर त्याला लागणारा किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचा. तेव्हा दाब मुळातच कमी आहे हे खरं, पण आहे तेवढा तरी नळापर्यंत पोचतोय का, हे पाहायला एक बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. टाकीच्या आउटलेटवर युनियन (फिरवून सोडता येणारा जोड) असेल तर ती सोडून 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. मग तीच बादली शॉवरची जाळी काढून तिथे भरा. वर 15 सेकंद आणि खाली दोन मिनिटं लागत असतील, तर दोष मधल्या पाइपात आहे.

मधल्या पाइपाचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून आकडा सांगतो. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं, तर घर्षणात जाणारा दाब साधारण 30 पट होतो. टाकीपासून बाथरूमपर्यंत अर्धा इंच पाइप टाकून पाचशे-हजार रुपये वाचवणारा माणूस पुढची वीस वर्षं ते नुकसान सोसतो. मुख्य लाइन सव्वा इंच ठेवा, निदान एक इंच. अर्धा इंच फक्त नळाजवळच्या शेवटच्या तुकड्याला. जीआय काढून सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप घाला, कारण आपल्या जांभ्यातलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते लोखंड खातं. जुना गेटव्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला असतो, त्याच्या जागी बॉलव्हॉल्व्ह बसवा. आणि टाकीच्या आउटलेटनंतर टाकीपेक्षा उंच एक व्हेंट पाइप काढा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की लाइनीत हवा अडकते, त्यावर हा उपाय आहे. आमच्याकडे एवढं केल्यावर पंपाशिवायच खालच्या नळाची बादली निम्म्या वेळात भरायला लागली.

आता स्वच्छतेकडे येतो, कारण माझा जीव खरा त्यात आहे. दाब कमी असेल तर गैरसोय होते. खराब पाण्याने घरातलं लहान मूल आजारी पडतं.

पाणी तपासल्याशिवाय एकही फिल्टर घेऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिथून जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटली घ्या आणि नमुना पाऊस सुरू झाल्यावर द्या. मे महिन्यातला स्वच्छ रिपोर्ट जुलैच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. रिपोर्टात पाच गोष्टी बघा: पीएच (पाणी आम्लधर्मी आहे का), गढूळपणा, लोह, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू). पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500. त्यात पीएच 6.5 ते 8.5 आणि टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय. ई-कोलाय 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. आमचा टीडीएस 70 आला. अशा पाण्यात क्षार आधीच इतके कमी, की आरओने उरलेसुरलेही काढून टाकायचे आणि वर निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं, याला अर्थ नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं, तिथली गोष्ट निराळी, तिथे आरओ कामाचा. आपली अडचण क्षारांची नाही, आपली अडचण माती, लोह आणि जंतूंची.

जंतू येतात ते बहुतेक वरूनच. विहिरीभोवती फिरून बघा. कठडा दोन-अडीच फूट तरी आहे का? भोवतीचा ओटा बाहेरच्या बाजूला उतरता आहे का, की कपडे धुतलेलं पाणी चिऱ्यांच्या फटीतून परत आत झिरपतंय? शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान 50 फुटांवर असावा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यातून घाण पाणी पटकन पुढे सरकतं. जमेल तितकं जास्त अंतर ठेवा आणि खड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला तर कधीच नको. आमच्या विहिरीत वरच्या दहा फुटांत चिऱ्यांच्या सांध्यांमधून पावसात तांबडं पाणी ओघळायचं. उन्हाळ्यात ते सांधे सिमेंटने भरून घेतले, खालचे झरे मोकळे ठेवले, वर जाळी टाकली. पुढच्या जूनमध्ये नळाला बांधलेलं पांढरं फडकं मी सकाळ-संध्याकाळ सोडून बघत होतो. आदल्या वर्षी ते एका दिवसात विटकरी व्हायचं, त्या वर्षी आठवडाभर नुसतं मळकट राहिलं. या कामात यंत्र एकही नव्हतं, एक गवंडी आणि चार पोती सिमेंट.

गाळ एप्रिल-मेमध्ये उपसून घ्या. त्याआधी मोटरीची वीज मेनमधून बंद करा. आत माणूस उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडा. तो विझला तर कोणी उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नका, विषारी वायू त्याला कळत नाही. कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवणं म्हणजे जीव घेणं, त्याच्या धुराने उतरलेली माणसं वर येत नाहीत.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर सगळेच टाकतात, पण अंदाजाने. हिशेब असा: 10 फूट व्यासाच्या विहिरीत 12 फूट पाणी असेल तर ते साधारण 27 हजार लिटर होतं. ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम. ती प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली बरीचशी भरून दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बादलीत घ्या, तळाचा चुना विहिरीत नको. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून खालीवर हलवा, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत जातं. रात्री टाकलं तर उत्तम, पण निदान तासभर तरी पाणी उपसू नका. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी झालेली असते, म्हणून नंतर ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी) करून घ्या. पिवळा रंग यायला हवा. पाण्यात लोह असेल तर टीसीएलनंतर ते आधीपेक्षा तांबूस दिसेल. घाबरू नका, विरघळलेलं लोह गंज होऊन बाहेर आलंय, ते खाली बसतं.

बादल्यांवरचे डाग याच लोहाचे. विहिरीतून काढताना पाणी नितळ, तासाभराने तांबूस, असं होत असेल तर त्याला हवा लागायला हवी. आम्ही जुन्या टाकीशेजारी तिच्याहून उंच एक 500 लिटरची टाकी ठेवली. मोटरीचा पाइप तिच्यात आडवा घालून त्याला खालून बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी पावसासारखं पडतं. खाली खडी, संगमरवराची बारीक खडी आणि सर्वांत वर दोन फूट धुतलेली जाड वाळू. हवेने लोह सुटतं, वाळूत अडकतं. संगमरवराने आम्लपणा थोडा उतरतो. तळातून गाळलेलं पाणी शेजारच्या मोठ्या टाकीत येतं. अशी भरलेली टाकी टनभर भरते, म्हणून ती स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. खाली भिंत असेल तिथेच, आणि इंजिनिअरला विचारून. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी वाळूचा वरचा थर काढून धुवावा लागतो. त्या कामाला फाटा दिला की पाणी तुंबतं.

पिण्यासाठी स्वयंपाकघरात साधा यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा फिल्टर) पुरतो, पण पाणी नितळ झाल्यावरच. गढुळात प्रकाश पोचत नाही आणि जंतू मातीच्या कणांआड वाचतात. तोवर उकळून प्या.

पाइप बदलला, पाणी निवळलं, आता पंप घ्या. घरात दोन बाथरूम असतील तर मिनिटाला 25-30 लिटर देणारा अर्ध्या एचपीचा पंप पुरतो. एक एचपीच्या मागे लागू नका. पण सोबत प्रेशर टँक, म्हणजे आतल्या हवेने पाणी दाबून धरणारी बंद टाकी, मोठा घ्या, पैसे तिथे घाला. पंप 1.5 बारला सुरू आणि 2.5 बारला बंद होतो असं धरा, तर 24 लिटरच्या प्रेशर टँकमधून प्रत्यक्षात 6 लिटरच पाणी वापरायला मिळतं, 100 लिटरच्या टँकमधून 25 लिटर. छोटा टँक असला की दात घासतानाही पंप चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. धार खालीवर होते आणि स्विचही लवकर जातो. टँकच्या डोक्यावर मोटरसायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. पंप बंद करून, नळ उघडून टँक रिकामा करा आणि मग गेज लावून आतली हवा बघा: पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा 0.2 बार कमी, म्हणजे 1.3. सहा महिन्यांनी पुन्हा बघा. माझ्या ओळखीच्या एका घरात पंप सतत कुरकुरतो म्हणून नवा घेतला होता, आणि टँकमधली हवा गेलीय एवढंच कारण होतं.

पंपाला समांतर एक बायपास पाइप आणि त्यात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) घालायला प्लंबरला सांगा. जूनमध्ये लाइट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा पंपाच्या आत अडकून न राहता टाकीतलं पाणी उतारानेच नळाला येतं. पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा ड्राय रन कट-ऑफ हवाच. विहिरीवरच्या मोटरीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या. ओल्या ओट्यावर अनवाणी उभं राहून स्टार्टर दाबतो आपण.

कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. टाकीजवळची आणि शॉवरची बादली किती सेकंदांत भरते ते दोन आकडे, आणि पाण्याचा रिपोर्ट हाती आला की त्यातले पीएच आणि लोह, एवढं इथेच खाली लिहा. तुमच्या टाकीत वाळू किती आणि संगमरवर किती घालायचा ते त्यावरून सांगतो.