कोचला हाकललं, तरी पगार चालूच!

गेल्या महिन्यात प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं क्रिकेटचेच येणार, पण ज्यांची मुलं अमेरिकेत शिकताहेत त्यांनी कॉलेज फुटबॉलच्या कोचच्या पगारावर एवढं विचारलंय की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलं. (हे आपलं फुटबॉल नाही, तो अंड्याच्या आकाराचा बॉल आणि हेल्मेटवालं.)

प्रश्न : मुलगी टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत एमएस करतेय. ती म्हणते तिथल्या फुटबॉल कोचला २०२३ मध्ये काढलं आणि काढताना साडेसात कोटी डॉलर द्यायचं ठरलं. डॉलर, रुपये नाहीत! सरकारी युनिव्हर्सिटी ना ती? आणि हे आमच्या फीमधून जातं का? – एक वडील, नाशिक

काका, मुलगी बरोबर सांगतेय. आकडा थोडा जास्तच होता, साधारण ७ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वासहाशे कोटी रुपयांच्या वर. कोचचं नाव जिम्बो फिशर. आधी फ्लोरिडा स्टेटला होते, तिथे २०१३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं, म्हणून ए अँड एमने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना १० वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरवर आणलं आणि ते सगळेच्या सगळे गॅरंटीड, म्हणजे मध्येच काढलं तरी पूर्ण द्यायचे. स्वागताला युनिव्हर्सिटीच्या चॅन्सेलरनी त्यांच्या हातात राष्ट्रीय विजेतेपदाचं एक मानचिन्ह ठेवलं, त्यावर फिशर यांचं नाव कोरलेलं आणि वर्षाच्या जागी फक्त '२०' आणि पुढे कोरं. म्हणजे वर्ष तुम्ही भरा! ते कोरंच राहिलं.

पण खरी मेख २०१७ मध्ये नाहीच, ती २०२१ मध्ये आहे. २०२० च्या सीझनला टीम ९-१ अशी खेळली (नऊ मॅच जिंकल्या, एक हरली), देशात चौथी आली. जुन्या कराराची सहा वर्षं अजून शिल्लक होती. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये नवा करार झाला, २०३१ पर्यंत, वर्षाला ९० लाख डॉलरच्या वर, आणि गॅरंटी तशीच. कारण काय तर शेजारच्या एलएसयूचे (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड, म्हणजे ज्यांनी फिशरना ए अँड एममध्ये आणलं तेच गृहस्थ, ते तिकडे गेलेले आणि एलएसयूच्या कोचची खुर्ची डळमळीत, त्यामुळे आपला माणूस पळवतील ही धास्ती. मग त्या सीझनला ८-४, पुढच्याला ५-७, आणि १२ नोव्हेंबर २०२३ ला नारळ. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी टीम ५१-१० अशी जिंकली होती.

आता फीचं. युनिव्हर्सिटीने सांगितलं की पहिला मोठा हप्ता, साधारण १ कोटी ९० लाख डॉलर, देणगीदारांच्या फाउंडेशनकडच्या पैशातून आणि बाकीचे दरवर्षी ७२ लाख डॉलर क्रीडा विभागाच्या कमाईतून, २०३१ पर्यंत. तेव्हा मुलीच्या फीला हात लागलेला नाही, निश्चिंत राहा. छोट्या युनिव्हर्सिट्यांचं मात्र असं नाही हं, तिथे बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांकडून खेळाची फी वेगळी घेतात आणि त्यावरच टीम चालते.

आणि एक, हे वेड तिथे आजचं नाही. १९८२ मध्ये याच ए अँड एमने जॅकी शेरिल नावाच्या कोचला सहा वर्षांचे १७ लाख डॉलर दिले तेव्हा देशभर बोंबाबोंब झाली होती. आज तेवढ्यात मुख्य कोचचा असिस्टंटसुद्धा नाक मुरडेल.

प्रश्न : पाच-सहा वर्षांचा करार हातात असताना एका चांगल्या सीझननंतर लगेच एक्स्टेन्शन द्यायची घाई का? संपू द्या ना आधी. – एचआरमध्ये काम करणारी एक वाचक, पुणे

ताई, तुमच्या ऑफिसात जो माणूस दुसरीकडची ऑफर दाखवतो त्याचाच पगार वाढतो ना? इथेही तेच, फक्त ऑफर लेटर दाखवावं लागत नाही, दुसरीकडची खुर्ची रिकामी झाली एवढं पुरतं.

२०२५ चा ऑक्टोबर बघा. ११ तारखेला, एकाच शनिवारी, पेन स्टेट (पेनसिल्व्हेनिया राज्याची युनिव्हर्सिटी) घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून हरलं आणि इंडियानाने ओरेगनमध्ये जाऊन ओरेगनला हरवलं. दुसऱ्या दिवशी पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, जे त्याच वर्षीच्या जानेवारीत टीमला प्लेऑफच्या सेमीफायनलपर्यंत घेऊन गेले होते. झालं, पेन स्टेटला कोच हवा. इंडियानाचे कर्ट सिग्नेटी मूळचे पेनसिल्व्हेनियाचे. मग १६ तारखेला इंडियानाने त्यांच्यापुढे आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा करार ठेवला. अकरा महिन्यांपूर्वीच त्यांना वर्षाला ८० लाखांचा करार दिलेला, तो गुंडाळला. महिनाअखेरीस नेब्रास्कानेही मॅट रूल यांना दोन वर्षं वाढवून दिली, ते तर पेन स्टेटचेच माजी विद्यार्थी. म्हणजे काढलं एकाला आणि पगार वाढले भलत्यांचे!

दुसरं कारण पोरांचं. कोच सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतो, आमच्याकडे या म्हणतो, तेव्हा आई पहिलं हेच विचारणार की तुम्ही चार वर्षं असाल का. करारात दोनच वर्षं उरलेली असली की प्रतिस्पर्धी कोच तेवढंच पकडून बसतो. हे कारण अगदीच खोटं नाही, पण एजंट लोक ते जरा जास्तच वापरतात असं माझं मत. बड्या कोचेसपैकी कितीतरी जण जिमी सेक्स्टन या एकाच एजंटकडे आहेत, म्हणजे कोणाची खुर्ची हलतेय आणि कोण घाबरलंय हे दोन्ही त्याला आधी कळणार.

घाईचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र नोत्र दामचं. २००५ मध्ये चार्ली वाइस नवे कोच, ऑक्टोबरमध्ये त्यांची टीम नंबर एकच्या यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) ३४-३१ अशी शेवटच्या क्षणी हरली. हरली हं, जिंकली नाही! पण लढत एवढी झुंजार झाली की पंधरवड्यात दहा वर्षांचं एक्स्टेन्शन, पहिलाच सीझन अर्धा बाकी असताना. २००९ मध्ये काढलं आणि मग २०१५ पर्यंत पैसे देत बसले, एकूण १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे.

प्रश्न : मग सगळेच कोच लुटारू का? – एक वाचक, डोंबिवली

अजिबात नाही. निक सेबन २००७ मध्ये अलाबामाला आले, आठ वर्षांचे ३ कोटी २० लाख, तेव्हा लोक म्हणाले वेडे झालात का. त्यांनी तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं दिली आणि त्या काळात युनिव्हर्सिटीची विद्यार्थीसंख्या साधारण २५ हजारांवरून ३८ हजारांवर गेली, त्यात बाहेरच्या राज्यांतली, जास्त फी भरणारी मुलं ढिगाने. सगळं श्रेय कोचचं नाही, पण तो शनिवारचा टीव्ही म्हणजे फुकटची जाहिरातच की. जॉर्जियाचे कर्बी स्मार्ट २०२१ आणि २०२२ लागोपाठ जिंकले, आता त्यांचा पगार वर्षाला १ कोटी ३० लाख, आणि तिथे कोणी हूं की चूं करत नाही.

त्यामुळे मी तर म्हणेन पगाराच्या आकड्याकडे बघूच नका, काढलं तर किती द्यायचे ते बघा. पगार चालू बाजाराचा असतो, घोळ सगळा गॅरंटीत. आणि ती लिहून देणारा स्वतःच्या खिशातून देत नसतो, बऱ्याचदा बिल येईपर्यंत तो त्या नोकरीतही नसतो. फिशरना काढलं तेव्हा वुडवर्ड एलएसयूमध्ये होते आणि तिथे त्यांनी ब्रायन केली यांना दहा वर्षांचा साडेनऊ कोटींचा करार दिलेला! केलींना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, बाकी पाच कोटींच्या वर, राज्याचे गव्हर्नर भडकले, पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत असं जाहीर बोलले आणि त्याच आठवड्यात वुडवर्डही गेले. पुढे आलेल्या लेन किफिन यांना किती? सात वर्षांचे ९ कोटी १० लाख. घ्या!

प्रश्न : काढलेल्या कोचला दुसरीकडे नोकरी लागली तरी जुने पैसे मिळत राहतात? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

मित्रा, करारात काय लिहिलंय त्यावर. फिशरच्या करारात वजावटच नव्हती, दुसरी नोकरी लागली तरी ए अँड एमचा हप्ता पूर्ण. फ्रँकलिनच्या करारात होती. त्यांना काढलं तेव्हा जवळपास ४ कोटी ९० लाख द्यायचे निघत होते, महिन्याभरात ते व्हर्जिनिया टेकला लागले आणि पेन स्टेटचं प्रकरण ९० लाखांत मिटलं. एका कलमाने ४ कोटी वाचले.

तारखेचाही खेळ असतो. नेब्रास्काच्या स्कॉट फ्रॉस्ट यांना १ ऑक्टोबर २०२२ नंतर काढलं असतं तर दीड कोटीचे पाऊण कोटी झाले असते, पण ११ सप्टेंबरलाच काढलं. तीन आठवडे दम निघाला नाही, ७५ लाख डॉलर गेले. आणि उलटंही असतं, कोच स्वतःहून सोडून गेला तर त्याने युनिव्हर्सिटीला भरायचे. क्लेमसनच्या डाबो स्विनी यांच्या करारात तर अलाबामाला गेलात तर जास्त दंड असं खास लिहिलेलं, कारण ते तिथलेच माजी खेळाडू.

प्रश्न : खेळणाऱ्या पोरांना यातलं काय? – एक आजोबा, सातारा

आजोबा, परवापरवापर्यंत स्कॉलरशिप, राहणं, जेवण, बस. जुलै २०२१ पासून मुलं स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊ शकतात आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केल्यावर युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. एका मुलाला नाही हो, त्या युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या मुलामुलींना मिळून. फिशरना घरी बसायचे मिळाले त्याच्या साधारण पाव!